पांढऱ्या मांजरीचे बावीस सेकंद: झेरॉक्स-सेल अ‍ॅनिमेशनच्या नोंदी

२ जून २०२४

'द अ‍ॅरिस्टोकॅट्स' हा डिस्नेचा मांजरांचा चित्रपट १९७० साली आला. तो ज्या पद्धतीने कागदावरून पडद्यावर गेला, त्याच पद्धतीने घरी एक छोटा प्रसंग करायचा असं ठरवलंय. कागदावर पेन्सिल, त्यावरून पारदर्शक शीटवर झेरॉक्स, शीटच्या मागच्या बाजूने रंग, खाली पार्श्वभूमी, वर कॅमेरा. कॉम्प्युटर फक्त शेवटी, फ्रेम ओळीने लावायला.

मी शाळेत चित्रकला शिकवते. हा चित्रपट मी थांबवून थांबवून कितीदा पाहिलाय त्याला हिशेब नाही, आणि दर वेळी नजर तिथेच जाते: मांजरांच्या अंगावर पेन्सिलच्या कच्च्या रेषा जागोजागी तशाच राहिल्यात. पूर्वीच्या चित्रपटांत प्रत्येक चित्र इंकिंग विभागातल्या बायका शाईने सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, गिरवून घेत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस डिस्नेतल्या अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र या कामासाठी बदलून घेतलं, आणि १९६१ च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटात ते पहिल्यांदा पूर्ण लांबीसाठी वापरलं. तिथून पुढे अ‍ॅनिमेटरच्या हातची रेषाच सेलवर जाऊ लागली. त्या रेषांना ओबडधोबड म्हणणारे बरेच आहेत. मला त्या फार आवडतात, आणि त्या तशा का दिसतात ते हाताने करून बघायचंय.

प्रसंग: पांढरी मांजर वाड्याच्या पडक्या भिंतीवरून चालत येते, थांबते, खाली बघते, उडी मारते, एक पिल्लू धावत येतं, ती बसून त्याला चाटते. तीस सेकंद धरलेत.

५ जून

टेबल झालं. प्लायवूडला चौकोनी भोक, त्यावर काच, खाली एलईडी. खरा पेगबार, म्हणजे प्रत्येक कागद नेमका त्याच जागी धरणारी खुंट्यांची पट्टी, बाहेरून मागवावा लागतो आणि महाग पडतो. त्याऐवजी ऑफिसात वापरतात ते दोन भोकांचं पंचिंग मशीन घेतलं. त्याची भोकं सहा मिलिमीटरची आणि एकमेकांपासून आठ सेंटिमीटरवर असतात. सुताराकडून सहा मिलिमीटरच्या दोन खुंट्या बसवून घेतल्या. पहिल्यांदा त्या किंचित सैल झाल्या, कागद हलायचा, म्हणून त्यांच्यावर सेलोटेपचा एक वेढा दिला. आता कागद घट्ट बसतो.

९ जून

दिवसभर मांजर बघितली. शेजारच्यांची पांढरी मांजर आमच्या मागच्या भिंतीवरून रोज जाते. भाचीने फोन भिंतीच्या उंचीला धरून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. ती तीन वेळा आली, त्यातलं एकच नीट मिळालं.

तेवढं एक पुरलं. तिचा पुढचा पंजा उचलला जातो आणि मागचा पंजा जवळजवळ त्याच जागी पडतो. डोकं सरळ रेषेत पुढे जातं, वरखाली होत नाही. सगळी हालचाल खांद्यात आहे: ज्या पायावर भार येतो त्याचं खांद्याचं हाड पाठीच्या रेषेच्या वर येतं, दुसऱ्या बाजूचं खाली जातं. मांजरीचं गळपट्टीचं हाड सांगाड्याला जोडलेलं नसतं, खांदा स्नायूंवर तरंगत असतो. कातडीखाली दोन बोटं आळीपाळीने वर यावीत तसं ते दिसतं. हे पाठ व्हावं म्हणून नुसत्या खांद्याची चाळीस-पन्नास रेखाटनं केली.

१२ जून

चालीचं पहिलं चक्र वाया गेलं. बारा चित्रं, दोन संध्याकाळी.

सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे बारा चित्रांत एक सेकंद आणि एक पूर्ण चाल. चित्रं फोनवर एकापाठोपाठ लावून बघितली तर मांजर डुलत होती. भाची म्हणाली, "आत्या, हा उंट आहे." बरोबर होतं तिचं. मी डावे दोन्ही पाय एकदम उचलले होते, मग उजवे दोन्ही. उंट तसाच चालतो. मांजरीचा क्रम असा आहे: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, आणि चौघांत सारखं अंतर. बारा चित्रांत दर तीन चित्रांनी एक पंजा टेकला पाहिजे.

कागदाच्या कडेला १, ४, ७, १० लिहून त्यापुढे कोणता पाय टेकतो ते आधी मांडलं आणि मगच काढायला घेतलं. हा तक्ता पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

१६ जून

आता चाल मांजरीची वाटते, पण ती बर्फावरून घसरल्यासारखी जाते. कागदावर मांजर जागच्या जागीच चालते आणि तिच्याखालची भिंत मागे सरकवायची असते, म्हणून टेकलेला पंजा प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने मागे सरकायला हवा. माझा कधी पाच मिलिमीटर, कधी नऊ.

ट्रेसिंग पेपरवर दर सात मिलिमीटरला खूण केलेली पट्टी आखली आणि ती सगळ्या चित्रांखाली कायम ठेवली. टेकलेला पंजा एका चित्रात एक घर मागे, यापेक्षा जास्त नाही आणि कमी नाही. पंजा आठ चित्रं जमिनीवर, चार हवेत. बारा चित्रांत भिंत चौऱ्याऐंशी मिलिमीटर मागे जाते. पंजे दुरुस्त करायला एकच संध्याकाळ लागली आणि मांजरीला वजन आलं.

२० जून

एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंत सहा फ्रेम होतात. भाची तबला शिकते. तिला म्हटलं, याचा ठेका धर. केहरव्याच्या आठ मात्रा म्हणजे आठ पंजे, म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम, बरोब्बर दोन सेकंद. तिने मेट्रोनोम लावून फोनवर वाजवून दिलं, आणि पुढचं सगळं वेळेचं गणित मी त्या रेकॉर्डिंगवर मांडलं. मूळ चित्रपटातही आवाज आणि गाणी आधी रेकॉर्ड झाली, चित्रं त्यावरून काढली. आधी ठेका हातात असला की कुठे थांबायचं ते आपोआप कळतं: मांजर समेवर थांबते.

प्रसंग तीसवरून बावीस सेकंदांवर आणला. ५२८ फ्रेम. चालीचं चक्र सहा वेळा फिरवायचं आणि बसलेल्या मांजरीचं शरीर स्थिर ठेवून फक्त डोकं हलवायचं, असं धरून वेगळी चित्रं १४८ होतात. आधी काढलेलं पुन्हा वापरण्यात मला कमीपणा वाटायचा. पण हा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या वुल्फगँग रीथरमन यांनीच १९७३ च्या 'रॉबिन हूड'मधल्या नाचात याच मांजरांच्या चित्रपटातली हालचाल पुन्हा वापरली आहे. पूर्ण चित्रपट ७८ मिनिटांचा, म्हणजे १,१२,३२० फ्रेम. तिथे वाचवण्यासारखं जे असेल ते वाचवावंच लागतं.

२३ जून

झेरॉक्सचा पहिला दिवस आणि सातशे रुपये पाण्यात.

शंभर ओएचपी शीटचं पाकीट घेऊन दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याने शीट बोटांत चोळून बघितली आणि म्हणाला, "बाई, ही इंकजेटची आहे. आत वितळली तर माझा ड्रम जाईल." पाकिटावर बारीक अक्षरांत तेच छापलं होतं. झेरॉक्स मशीनमध्ये टोनर कागदावर उष्णतेने भाजला जातो, आणि इंकजेटच्या शीटला ती उष्णता सोसत नाही. पाकीट फोडलेलं असल्यामुळे परतही करता आलं नाही. शीट घेताना पाकिटावर 'लेझर' किंवा 'कॉपियर' लिहिलंय का ते बघा, आणि शंका असेल तर मशीनमालकालाच विचारा.

२६ जून

योग्य शीट मिळाल्या, आठ रुपयांना एक. झेरॉक्सचे पाच.

चालीची बारा चित्रं करून आणली, त्यात दोन अडचणी. मी आकाराचा कच्चा आराखडा फिकट निळ्या पेन्सिलने काढते, कारण झेरॉक्समध्ये निळं उमटत नाही असं शिकले होते. ते जुन्या मशीनचं झालं. या डिजिटल मशीनने निळ्या रेषाही करड्या ठिपक्यांनी उचलल्या. उलट एचबीने काढलेल्या नाजूक मिशा गायब. मशीन 'फोटो'वरून 'टेक्स्ट'वर घेतलं आणि गडदपणा एक घर कमी केला तेव्हा निळं गेलं. मिशा, डोळे आणि बाहेरची रेषा आता टूबीने काढतेय.

दुसरी अडचण मोठी. बारा शीट एकावर एक ठेवून फोटो घेतले तर मांजर थंडी भरल्यासारखी थरथरते. मशीन प्रत्येक शीट अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे ओढतं. मी शीटला आधी भोकं पाडून मग झेरॉक्स केली होती, म्हणजे भोक जागेवर आणि चित्र सरकलेलं.

३० जून

थरथर गेली. कुणी हे करणार असेल तर निदान ही नोंद वाचा.

प्रत्येक कागदावर, खुंट्यांवर बसवलेला असतानाच, दोन कोपऱ्यांत बारीक अधिक चिन्ह काढायचं. ते चित्राबरोबर शीटवर येतं. शीटला आधी भोकं पाडायची नाहीत. लाइट बॉक्सवर एक मूळ कागद कायम लावून ठेवायचा, त्याच्या चिन्हांवर शीटची चिन्हं नेमकी बसवायची, आणि मग आधी भोकं पाडून ठेवलेली जाड कागदाची पट्टी खुंट्यांवर अडकवून शीटला चिकटवायची. एका शीटला दोन मिनिटं जातात, पण चित्र हलत नाही.

शिवाय मशीन 'शंभर टक्के' म्हणतं तेव्हा ते शंभर नसतं. २०० मिलिमीटरची रेघ १९८ झाली. सगळी चित्रं एकाच मशीनवर, एकाच बाजूने आत घातली तर सगळीच सारखी लहान होतात आणि काही बिघडत नाही. पार्श्वभूमी सरकवायची सात मिलिमीटरची पट्टीही मी त्याच मशीनवर झेरॉक्स करून घेतली. मध्येच दुकान बदलू नका.

७ जुलै

या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ज्यासाठी हे करायला घेतलं तेही याच आठवड्यात कळलं.

थांबून खाली बघण्याचा भाग, चित्र क्रमांक २९ ते ५२. कच्ची चित्रं फोनवर लावली तेव्हा फार छान वाटली होती. मांजर काठाशी येते, भार मागे घेते, खांदा वर येतो, मान खाली जाते. मग मी नव्या कागदावर सगळी चोवीस चित्रं सुबक गिरवून घेतली, एकेक स्वच्छ रेघ, एकही जादा नाही. पाच संध्याकाळी लागल्या. शीटवर घेऊन लावली तर मांजर प्लास्टिकची. तीच चित्रं, त्याच वेळेला, तीच हालचाल, आणि तरी जीव नाही.

दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून रात्री उशिरापर्यंत बघत बसले. चित्र ३७ मध्ये खांदा सगळ्यात वर असतो. कच्च्या चित्रात तिथे तीन रेषा होत्या: एक हाडाची, एक त्यावर ताणलेल्या कातडीची, एक मी आधी चुकून खाली काढलेली. गिरवताना मी त्या तिघींची सरासरी काढून एक गोलवा केला होता. प्रत्येक चित्रात असंच झालं होतं. गिरवणारा हात मांजर बघत नसतो, रेघ बघत असतो. मी स्वतःचीच चित्रं गिरवत होते, तरीही.

डिस्नेत झेरॉक्स आलं ते मुख्यतः खर्च कमी करायला, हे खरं. पण मिल्ट काल, ऑली जॉन्स्टन, फ्रँक थॉमस यांच्यासारख्या अ‍ॅनिमेटरांच्या हाताची रेषा मधल्या कुणाच्या हातातून न जाता पडद्यावर आली, हेही त्याच यंत्रामुळे. इंकिंग करणाऱ्या बायकांचं कौशल्य थोर होतं, माझ्यापेक्षा हजारपट. तरी गिरवणं ते गिरवणंच.

सुबक चोवीस चित्रं बाजूला ठेवली. यापुढे कच्च्या चित्रावरच काम: गोंधळ करणारी रेघ खोडायची, हवी ती टूबीने गडद करायची, नवा कागद घ्यायचा नाही. वाया गेलेल्या शीट चोवीस.

१४ जुलै

रंग. पोस्टर कलर वाळल्यावर शीट वाकवली की पोपडे निघतात, ते सोडून दिलं. अ‍ॅक्रिलिक टिकतं. उलट्या बाजूने, रेषेच्या आत थांबवत, पातळ नाही आणि जाडही नाही, दुधाच्या सायीएवढं ठेवायचं. ब्रश ओढायचा नाही, रंगाचा थेंब सोडून तो ढकलत रेषेपर्यंत न्यायचा, म्हणजे ब्रशचे ओरखडे पुढून दिसत नाहीत.

पांढरा रंग सगळ्यात त्रासाचा. एका हातात तो झिरझिरीत दिसतो आणि मागची भिंत अंगातून दिसते, म्हणून दोन हात. निखळ पांढरा वापरला तर कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग दिसतो आणि रेषा बारीक होतात. त्यात चिमूटभर पिवळी माती घातली. चित्रपटातल्या पांढऱ्या मांजरीचा, डचेसचा, रंगही नीट बघितला तर तो कोरा पांढरा नाही, साईसारखा आहे. पांढऱ्या प्राण्याला सावली न देता उभं करायचं तर सगळा भार रेषेवर येतो.

एका सेलला पंचवीस मिनिटं.

२१ जुलै

पावसाने घात केला. रंगवलेल्या एकतीस सेल एकावर एक ठेवल्या होत्या. वरून कोरड्या लागत होत्या, पण सकाळी उचलल्या तर एकमेकींना चिकटलेल्या. सोडवताना नऊ सेलचा रंग दुसऱ्या सेलवर गेला. अ‍ॅक्रिलिक दमट हवेत वरून वाळतं, आतून मऊच राहतं, आणि दाबाखाली चिकटतं.

आता कपडे वाळत घालायच्या दोरीवर पट्टीच्या बाजूने चिमट्यांनी दोन दिवस टांगते, मग मध्ये बटर पेपर घालून उभ्या ठेवते. घरभर मांजरी लटकतायत. कागदही या हवेत फुगतो. भोकं किंचित मोठी होतात, म्हणून मूळ चित्रं प्लास्टिकच्या पिशवीत बंद.

शिल्लक सेल टांगता टांगता क्लेअर वीक्स यांची आठवण झाली. डिस्नेत काम केलेले हे गृहस्थ १९५६ साली मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये अ‍ॅनिमेशन शिकवायला आले, आणि आपले नामवंत अ‍ॅनिमेटर राम मोहन त्यांच्याकडे शिकले. तेव्हा या कामात झेरॉक्स नव्हतं. मुंबईच्या पावसाळ्यात त्या मंडळींनी शाईने सेल गिरवल्या आणि रंगवल्या, याचा विचार केला की माझ्या नऊ सेल काहीच नाहीत.

२८ जुलै

उडी. अकरा चित्रं, एका दिवसात झाली आणि पहिल्याच वेळी जमली, कारण आधी नीट बघितलं होतं. मांजर भिंतीवरून थेट उडी टाकत नाही. मागचे पाय काठावर ठेवून पुढचे पंजे भिंतीवरून जमतील तेवढे खाली नेते, उंची कमी करून घेते आणि मग सुटते. हवेत फक्त तीन चित्रं. पुढचे पंजे टेकतात, पाठ धनुष्यासारखी वाकते, मागचे पाय त्यांच्या जवळ येऊन पडतात. वेळ हवेत द्यायचा नाही, आधीच्या घसरण्यात आणि नंतरच्या दबण्यात द्यायचा.

पिल्लाचं धावणं साधं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

४ ऑगस्ट

चित्रीकरण. फोन उलटा टांगला, सेलवर काच. पहिल्या दिवशीच्या सगळ्या फ्रेम टाकून दिल्या.

उजेड प्रत्येक फ्रेमला बदलत होता. फोन स्वतःच्या मनाने एक्स्पोजर आणि रंग ठरवतो, दोन्ही कुलूपबंद केलं. तरी आडवे पट्टे राहिले, ते स्वस्त एलईडीचे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून शटर १/५० वर ठेवलं, तेव्हा पट्टे गेले. काचेत फोनचंच प्रतिबिंब दिसायचं. दिवे दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत ठेवले आणि काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते मध्ये ताणलं. प्रत्येक सेल ठेवण्याआधी मऊ ब्रशने धूळ झाडणं आलंच. हातांत सुती मोजे, नाहीतर बोटांचे ठसे.

११ ऑगस्ट

पिल्लू आत येतं त्या फ्रेमला भिंतीचा रंग एकदम मळकट होतो. पिल्लाची वेगळी सेल वर ठेवली की एक थर वाढतो, आणि प्रत्येक थर खालचा उजेड थोडा खातो. पिल्लू येण्याआधीपासूनच तिथे एक कोरी सेल ठेवायची, म्हणजे थरांची संख्या पूर्ण प्रसंगभर सारखी राहते. नव्वद फ्रेम पुन्हा घेतल्या.

दुसरी चूक चालीत. मांजर दोन-दोन फ्रेमला बदलते, पण भिंत मी हौसेने प्रत्येक फ्रेमला साडेतीन मिलिमीटर सरकवली, गुळगुळीत दिसेल म्हणून. त्यामुळे एका फ्रेमला पंजा भिंतीवर बसतो, दुसऱ्या फ्रेमला सुटतो, आणि सगळं बुजबुजतं. भिंतही दोन फ्रेमला एकदाच, सात मिलिमीटर, अशी सरकवून पुन्हा घेतलं. आता पंजे भिंतीला धरून आहेत.

१८ ऑगस्ट

हिशेब. शीट आणि झेरॉक्स २०९ (१४८ वापरल्या, ६१ वाया) २,७१७ रुपये. रंग १,१४०. काच ३५०. प्लाय, खुंट्या, सुतार ४८०. दिवे ९००. कागद, पेन्सिली, बटर पेपर, पट्ट्या ६२०. चुकीचं पाकीट ७००. एकूण ६,९०७ रुपये. रंगकामाचे तास साधारण बासष्ट, चित्रांचे त्याहून जास्त, ते मोजले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर पावसाळा टाळीन आणि दिवाळीनंतर सुरू करीन.

२५ ऑगस्ट

सगळं जोडून भाचीच्या ठेक्यावर बसवलं. बावीस सेकंद पहिल्यांदा सलग पाहिले. चाल येते, सम येते, मांजर थांबते. आणि चित्र ३७ ला काहीतरी अडतं. दोन फ्रेमचंच आहे, पण कळतं.

सेल काढून बघितली. जुलैत कच्च्या चित्रांवर परत आले तेव्हा ३७ मधली ती तिसरी, चुकीची खालची रेघ मी तरीही खोडली होती. ३६ आणि ३८ मध्ये तशी रेघ आहे. ३७ मध्ये नसल्यामुळे खांदा वर जाण्याऐवजी एका क्षणापुरता गोठतो. मूळ कागदावर खोडलेल्या रेघेचा वळ अजून दिसतोय. त्यावरूनच ती पुन्हा काढली, गिरवून नाही, फोनमधला तो खांदा परत बघून. उद्या शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन एक शीट, आठ अधिक पाच, आणि परवापर्यंत ती दोरीवर वाळेल.